राजापूर एका दिवसात : अणुस्कुऱ्यातून बंदरधक्क्यापर्यंत

घाटवाट (सोमवार, रात्री ११.१०)

रथसप्तमी काल झाली आणि आज प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, म्हणून आईला घेऊन राजापूरला जाऊन आलो. आत्ताच कोल्हापुरात पोहोचलोय. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आई ७८ वर्षांची. राजापूर तिचं आजोळ. तिचे आजोबा घाटावरून गूळ विकत घ्यायचे आणि राजापुरातून पडावाने, म्हणजे मालाच्या होडीने, मुंबईला धाडायचे. लहानपणी मे महिन्यात ती तिथे राहायची, पण धक्क्याकडे मुलींना जाऊ देत नसत. "तिकडे भय्या, खलाशी, परके लोक असतात," एवढंच सांगायचे. साठ-पासष्ट वर्षं तिच्या मनात तो न पाहिलेला धक्का होता. यंदा म्हणाली, गुडघे अजून चालताहेत तोवर दाखव.

पहाटे साडेपाचला निघालो. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, येळवण जुगाई, पांढरेपाणी आणि मग अणुस्कुरा घाट. आंबा घाटाचा रस्ता मोठा आहे हे मान्य, पण राजापूरला जायचं तर अणुस्कुऱ्यानेच जावं असं मला वाटतं, कारण राजापूर बंदर मोठं झालं ते याच वाटेच्या जिवावर. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर या घाटाने उतरायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी, खजूर वर चढायचे. माथ्यावर गाडी थांबवून खाली बघितलं की अर्जुना नदीचं सगळं खोरं समोर पसरलेलं दिसतं. ती नदी धरून खाली गेलं की राजापूर. कुणाला नकाशा लागला नसेल.

येरडव, पाचल, रायपाटण करत ओणीला महामार्ग लागला आणि दहाच्या सुमाराला राजापूर.

बहुतेक लोक राजापूर बघतात ते मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पुलावरून. चहा घेतात, पुढे जातात. मीही वीस वर्षं हेच केलंय. पण गाव रस्त्याकडे पाठ करून बसलंय, त्याचं तोंड नदीकडे आहे. वरून खाली उतरणाऱ्या सगळ्या गल्ल्या शेवटी पाण्यापाशी जातात. कोदवली नदी अर्जुनेला मिळते ती गावातच, आणि बाजारपेठ त्या दोघींच्या कुशीत. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये राजापूरचं वर्णन कोकणातलं सगळ्यात जुनं दिसणारं आणि उत्तम टिकलेलं गाव असं आहे: चढाचे अरुंद रस्ते, फरसबंद आणि छपराखालचा बाजार. छपरं गेली, फरस गेला, चढ आणि अरुंदपणा मात्र आहे तसाच.

जवाहर चौकात एका किराणा दुकानात आईसाठी पाणी घ्यायला थांबलो. दुकानाच्या आतल्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. मुलांची उंची मोजतात तशा. मी विचारलं, नातवंडांच्या का? दुकानदारकाका म्हणाले, "नाही ताई, नदीच्या." प्रत्येक रेघेपुढे वर्ष. काही रेघा माझ्या कमरेला, दोन माझ्या डोक्याच्या वर. त्यांची तांदळाची पोती जमिनीवर नाहीत, छातीएवढ्या उंचीच्या फळ्यांवर आहेत, आणि वर माळ्याला कप्पी बांधलेली. पाऊस लागला की दोघं मुलगे दुकानातच झोपतात. पाणी चढायला लागलं की अर्ध्या तासात सगळा माल वर.

मग इंग्रजांच्या वखारीकडे गेलो. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती, फ्रेंचांचीही होती. मिरी, वेलदोडे, कापड यांच्यासाठी ते इथे आले. इंग्रजांच्या वखारीचे आता नुसते अवशेष उरलेत. जाड चिरेबंदी भिंती, त्यातून फुटलेली झाडं. आम्हाला माहितीचा एकही फलक दिसला नाही. शाळेत प्रत्येक मराठी मूल ही गोष्ट शिकतं. १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून गेले आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरवर येऊन वखार लुटली, खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. आज सकाळी आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्यावरून आलो, पांढरेपाण्याला पावनखिंडीची पाटी बघितली आणि चार तासांनी या भिंतीपाशी उभे होतो. त्या सगळ्या गोष्टीचं एक टोक पन्हाळा आणि दुसरं टोक इथे, हे रस्त्याने आल्यामुळे अंगाला कळलं. अशा जागी निदान एक दगड लावून चार ओळी कोरायला हव्यात. मला याचं मनापासून वाईट वाटलं.

बाराच्या सुमाराला धक्क्यावर उतरलो. आणि तिथे पाणीच नव्हतं. मधोमध एक बारीक धार, बाकी करडा चिखल, दगडगोटे, लहान लहान खेकडे. आई एक पायरी खाली गेली तर तिची चप्पल चिखलात रुतली, ह्यांनी हात घालून ओढून काढली. आई काही बोलली नाही. धक्क्याच्या चिऱ्यावर बसली, दगडावरून तळहात फिरवत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "एवढ्या पाण्यात गुळाचा पडाव कसा गं येत असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी आईला वाचून दाखवीन.

जेवण एका घरगुती खाणावळीत. खाडीच्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भात, सोलकढी. दुपारी धोपेश्वरला धूतपापेश्वर. देवळाशेजारी मृडानी नदीचा धबधबा आहे, पावसाळ्यात तो भरात असतो, आत्ता धार बारीक होती, पण सावली आणि गारवा इतका की आई सभामंडपात अर्धा तास पडून राहिली. मग उन्हाळे. महालक्ष्मीच्या देवळापाशी गरम पाण्याचा झरा आहे, आईने गुडघ्यापर्यंत पाय शेकून घेतले. जवळच गंगातीर्थाची चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी गंगा येते म्हणतात, पण ती कुणाच्या पंचांगात बसत नाही. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. साडेचारला परत निघालो, कारण घाट उजेडात चढायचा होता.

----

सड्यावरची (मंगळवार, सकाळी ७.०५)

ताई, फार आवडलं. पेन्सिलीच्या रेघा तर डोळ्यांसमोरून जात नाहीत. मी राजापूर तालुक्यातलीच. पुढच्या वेळी एक मुक्काम करा आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, या. देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी इथली कातळशिल्पं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर बघा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. दुपारी बारा वाजता नुसता तापलेला कातळ दिसतो. आणि आईंना जमणार असेल तर कशेळीचा कनकादित्य. लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं आहे.

----

जुनेकागद (मंगळवार, सकाळी ९.३०)

उत्तम लेख. थोडी भर घालतो. राजापूरवरची स्वारी मार्च १६६१ची. पकडलेल्यांत रेव्हिंग्टन, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर आणि फिलिप गिफर्ड होते. ते सुटले फेब्रुवारी १६६३मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. आणि विषय तिथे संपला नाही. ईस्ट इंडिया कंपनी नुकसानभरपाईसाठी पुढची अकरा वर्षं लकडा लावून बसली होती. १६७४ साली कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला तो नुसता नजराणा द्यायला नाही, राजापूरचा हिशेब मिटवायला. तहात दहा हजार होन भरपाईचं कलम आहे. राज्याभिषेकाच्या सोहळ्याचं जे इंग्रजी वर्णन आपण वाचतो ते मिळालं या राजापूरच्या भांडणापायी, असं म्हटलं तरी चालेल.

गिफर्डचं नशीब तर बघा. १६६०च्या सुरुवातीलाही तो एकदा मराठ्यांच्या हाती सापडला होता. अफझलखानाची जहाजं राजापुरात होती, तो माल मिळवायला मराठ्यांची फौज आली तेव्हाची गोष्ट. त्याला खारेपाटणच्या किल्ल्यात ठेवलं होतं. त्यामुळे राजापूर बघाल तेव्हा खारेपाटणही बघा.

----

घाटवाट (मंगळवार, सकाळी १०.१५)

जुनेकागद, धन्यवाद. रायगडाचा आणि राजापूरचा हा धागा माझ्या लक्षात कधीच आला नव्हता.

सड्यावरची, आई म्हणतेय मुक्कामाला येऊ, पण आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे.

----

खाडीकाठ (मंगळवार, दुपारी १.४०)

ताई, तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी जैतापूर बाजूचा, आजा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी तिथी काय होती बघा. रथसप्तमीचा दुसरा दिवस, माघ शुद्ध अष्टमी. आमच्याकडे पोराला चालता यायला लागलं की हा हिशेब शिकवतात: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, आणि ओहोटी बरोबर दुपारी बाराला. तुम्ही बाराला धक्क्यावर उतरलात. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, त्यात भरतीलाही पाणी कमीच चढतं. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी, सगळ्यात वाईट वेळी तुम्ही खाडी बघितलीत.

राजापूर समुद्रापासून चोवीसेक किलोमीटर आत आहे. एवढं आत वल्ही मारून कुणी यायचं नाही. समुद्राचं पाणीच गलबत आत आणायचं. खाडीच्या मुखाकडे, मुसाकाजीला नाहीतर जैतापूरला नांगर टाकून वाट बघायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती लागली की तिच्या पाठीवर बसून वर. वारा मागून मिळाला तर शीड, नाही मिळाला तर लांब वासे तळाला टेकून होडी ढकलत. ओहोटी लागली की तिथेच चिखलावर बसायचं. होडीची बूड चपटी असली की ती चिखलात उभी राहते, कलंडत नाही. मग पुढची भरती. माल चढवायचा आणि ओहोटीच्या पाण्यासोबत खाली सुटायचं. आईंच्या आजोबांचा गूळ असा गेला असणार. पडाव येण्याचा दिवस पंचांगावरून ठरायचा, म्हणून गूळ घाटावरून कधी उतरवायचा तेही पंचांगावरूनच.

आता चिखलाबद्दल. तो आजचा नाही. १८८०च्या गॅझेटियरमध्येच लिहून ठेवलंय की मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. आणि तरीही अरबस्तानची गलबतं थेट येतात असं रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एकच बंदर, हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे पाच किलोमीटर अलीकडे माल उतरवून लहान होड्यांतून आणावा लागत होता, तरी अरब येत होते. एवढा या पेठेचा लौकिक.

----

माहेर_राजापूर (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

मी मस्कतमधून लिहितेय. लग्न होऊन इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. घाटवाटताई, तुम्ही ज्या चौकात थांबलात तिथून आमचं घर शंभर पावलांवर. पुराचं तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं. आमच्याकडे आई आषाढात लोणच्याच्या बरण्यासुद्धा माळ्यावर ठेवायची. पाणी ओसरल्यावर पहिलं काम काय असतं माहितेय? गाळ ओला असतानाच घराबाहेर ओढायचा. एकदा सुकला की तो भिंतीला सिमेंटसारखा धरतो. सगळी आळी रात्रभर झाडू, खराटे, पाट्या घेऊन उभी. तो वास मला अजून येतो. पण गाव सोडून जाऊ असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि मस्कतचं एक सांगायचंय. औरंगजेबाचा बंड केलेला मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. १६८७ साली तो इराणला जायला निघाला तो राजापुरातून जहाजात बसून. वादळवाऱ्याने ते जहाज मस्कतला लागलं. इथल्या मत्रा बंदरावर फिरायला जाते तेव्हा मला हे आठवतं. माझ्या माहेरचं पाणी इथपर्यंत येत होतं.

----

पहिलीएसटी (मंगळवार, रात्री ९.२०)

मला व्यवहाराचं विचारायचंय. आईवडील दोघं सत्तरीपुढचे, आम्ही ठाण्याहून कोकण रेल्वेने येणार. राजापूर रोड स्टेशनवरून गाव किती लांब?

----

सड्यावरची (मंगळवार, रात्री ९.४५)

नावावर जाऊ नका. स्टेशन सोलगावला आहे, गावापासून पंधराएक किलोमीटर. सगळ्या गाड्या थांबत नाहीत. रिक्षा आधी सांगून ठेवलेली बरी, विशेषतः पहाटेची गाडी असेल तर. आमच्याकडे एकदा पाहुणे पहाटे उतरले आणि दोन तास फलाटावर बसून होते. धूतपापेश्वर आणि उन्हाळे दोन्ही गावापासून तीन-चार किलोमीटरच्या आत, त्यामुळे एकच रिक्षा दिवसभरासाठी ठरवा. धूतपापेश्वराला पायऱ्या उतराव्या लागतात, आईवडिलांना सावकाश न्या.

----

जुनेकागद (बुधवार, सकाळी ८.१०)

खारेपाटणबद्दल सविस्तर लिहायचं राहिलं होतं. राजापूरहून महामार्गाने दक्षिणेला गेलं की शुक नदीवर खारेपाटण. हेही नदीतलं बंदर, याचं मुख विजयदुर्गाला. इथे शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला, शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८. त्यात अव्वेश्वराच्या देवळाच्या खर्चासाठी गावं दिली आहेत आणि त्याचबरोबर परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण (सोन्याचं जुनं वजन) सोनं लावून दिलंय. चौल आणि गोव्यातलं चंद्रपूर इथून येणारी जहाजं मात्र वगळली आहेत. हजार वर्षांपूर्वी या खाड्यांमध्ये परदेशी जहाजांची एवढी नियमित ये-जा होती की तिच्यावर देवळाची पूजा चालेल असा राजाला भरवसा होता. पुढे शके १०१६चा अनंतदेवाचा ताम्रपटही याच गावात सापडला, त्यात व्यापाऱ्यांना बंदरांवरची जकात माफ केल्याची नोंद आहे. ज्यांना नाल्यासारखी दिसणारी नदी बघून वाईट वाटतं त्यांनी हे दोन ताम्रपट जरूर वाचावेत.

----

नवाविचार (बुधवार, सकाळी ११.००)

सगळ्यांचं वाचून एक सुचलं. नदीतला गाळ पूर्ण उपसला तर पूरही कमी होईल आणि जैतापूरपासून राजापूरपर्यंत होडीने पर्यटकही आणता येतील. एवढा इतिहास आहे, गावाला उत्पन्न होईल.

----

खाडीकाठ (बुधवार, दुपारी २.१५)

दादा, होडीची कल्पना मला मनापासून आवडली. माझ्या गावातली पोरं उद्या तयार होतील. उपशाबद्दल मात्र जपून. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत नदी लहान, उतार मोठा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. डोंगरावरची झाडं गेली की माती खाली येणारच. या उन्हाळ्यात काढलेला गाळ काठावर ठेवलात तर पुढच्या पावसाळ्यात तो परत नदीत. काढायचा तर लांब नेऊन टाका, आणि वरच्या अंगाला झाडं राखा. दुसरं म्हणजे तिसऱ्या, कालवं, खेकडे याच चिखलात होतात. ताईंनी जेवणात खाल्लेल्या तिसऱ्या माझ्या काकीसारख्याच कुणीतरी ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून काढल्या असणार. त्यांचं पोट त्यावर आहे. गावाजवळचा भाग उपसा, खालची खाडी तशीच राहू द्या, असं माझं म्हणणं.

----

माहेर_राजापूर (बुधवार, दुपारी ४.३०)

खाडीकाठदादांना पूर्ण अनुमोदन. पण गावाजवळचा गाळ निघालाच पाहिजे. पूर लांबून वाचायला वेगळा आणि अंगणात वेगळा.

----

घाटवाट (पुढचा सोमवार, सकाळी ८.३०)

मंडळी, काल परत जाऊन आलो. माघी पौर्णिमा होती आणि रविवारही. मंगळवारी खाडीकाठदादांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला तेव्हाच तिने पंचांग मागवलं होतं. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. ही वेळ मुखापाशी, आत पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो, हे दादांनी फोनवर सांगितलं. म्हणून आम्ही साडेदहालाच गावाच्या खाली, खाडीच्या अंगाला जाऊन बसलो. आईसाठी घडीची खुर्ची नेली होती.

आधी काहीच होत नव्हतं. चिखल आणि खेकडे, आठवड्यापूर्वीसारखंच. मग खेकड्यांची बिळं एकेक करून भरायला लागली. आवाज नाही, लाट नाही. पाणी नुसतं रुंद होत गेलं. ज्या दगडावर मी पाणी कुठे आलंय ते बघायला खडूची खूण केली होती तो दगड वीस मिनिटांत दिसेनासा झाला. आणि मग आईने हात वर करून दाखवलं. नारळाचं एक सोडण खालून आलं आणि आमच्यासमोरून डोंगराकडे, वरच्या दिशेला, सावकाश तरंगत गेलं. आई खुर्चीतून उठून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

"असे यायचे," म्हणाली.